नवे प्लग टाकूनही गाडी झटके मारते तेव्हा

गेवराईच्या एका सरांचा प्रश्न आहे. २००७ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) इंजिन, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेले. तिसऱ्या-चौथ्या गिअरला ४० ते ६० च्या स्पीडमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते. एसी लावला आणि चार माणसं बसली की जास्तच. उभ्या गाडीवर रेस केली तर इंजिन साफ बोलतं. सकाळी थंड गाडी सुरुवातीला नीट पळते, गरम झाली की त्रास सुरू. चेक लाइट लागत नाही. त्यांच्या मिस्त्रींनी चारही प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी धुतली. आठवडाभर गाडी झकास चालली, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता मिस्त्री म्हणतात, एक तर टाकीतला पेट्रोल पंप गेलाय नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. भंगार बाजारातून जुना ईसीएम आणून टाकावा का?

नका टाकू, सर. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आलंय आणि ते ईसीएमकडे जात नाही. माझा पहिला संशय प्लगपर्यंत वीज नेणारी एचटी वायर आणि तिच्या टोकाच्या प्लगकॅपवर, दुसरा ती वीज तयार करणाऱ्या कॉइलवर, तिसरा पेट्रोलच्या प्रेशरवर. असं का म्हणतो ते सांगतो, म्हणजे मिस्त्रींशी बोलताना तुमचीही बाजू पक्की राहील.

प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल हे सिलिंडरमधल्या दाबावर ठरतं. आयडलला किंवा उभ्या गाडीवर रेस करताना इंजिनावर वजन नसतं, थ्रॉटल जेमतेम उघडतो, सिलिंडरमध्ये हवा कमी भरते. तेव्हा आठ-दहा हजार व्होल्टमध्ये काम भागतं. पण तिसऱ्या गिअरला, कमी आरपीएमवर, चार माणसं घेऊन तुम्ही पाय दाबता तेव्हा सिलिंडर भरून हवा येते, दाब वाढतो आणि त्याच फटीतून ठिणगी उडवायला पंधरा-वीस हजार, कधी त्याहून जास्त व्होल्ट लागतात. कॉइल तेवढे देते. मात्र वाटेत रबरी कॅपला चीर असेल, वायरीचं कव्हर विरलं असेल, तर वीज फटीतून जायच्या ऐवजी बाजूच्या लोखंडात उतरते. तो स्ट्रोक वाया गेला की गाडीला हिसका बसतो. पाय काढला की दाब उतरतो आणि सगळं सुरळीत. म्हणून गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर कितीही रेस करा, हा बिघाड सापडत नाही. मिस्त्री म्हणतो ‘गाडी तर ओके आहे’ आणि तुम्ही म्हणता ‘नाही हो, रस्त्यावर मारते’. दोघंही खरं बोलत असता.

आता त्या आठवडाभराच्या सुखाचं बघू. नवे प्लग टाकल्यावर गाडी सुधारली आणि पुन्हा बिघडली, ही माझ्या लेखी तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे. नव्या प्लगच्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात, फट बरोबर असते, त्यामुळे व्होल्टेज कमी लागतं. वरची चिनी मातीही कोरी असते. पण कॅप जुनीच राहिली. तिच्या आत कार्बनची वाट तयार झालेली असेल तर ती नव्या प्लगलाही डागते आणि थोड्या दिवसांत तुम्ही जिथे होता तिथेच येता. पंप किंवा ईसीएम खराब असता तर प्लग बदलून आठवडाभर फरक पडायचं काही कारण नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात माजलगावकडची एक गाडी अशीच माझ्याकडे आली होती. नवे प्लग, नवा फिल्टर, टाकीत कसलीशी बाटली ओतलेली, तरी चढाला झटके. प्लग एकेक करून काढले आणि उन्हात नेऊन फिरवून बघितले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या भागावर वरच्या टोपीपासून खालच्या षटकोनी लोखंडापर्यंत पेन्सिलीच्या रेघेएवढी बारीक, वाकडीतिकडी काळी रेघ होती. नखाने घासली, निघेना. पेट्रोलच्या फडक्याने पुसली तरी निघेना. त्याच सिलिंडरची कॅप उलटी करून आत टॉर्च मारला तर आतही तशीच रेघ, आणि तिच्या कडेला रबर पांढुरकं, भुसभुशीत झालेलं. कॅपच्या तळाला इंजिन ऑइलचा ओलावा होता. म्हणजे मुळात व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या नळीचं सील गळत होतं, ऑइल प्लगच्या खड्ड्यात साचत होतं, ऑइलने रबर फुगलं आणि विजेला वाट मिळाली. वायर सेट, प्लग आणि सील एकदमच बदलावं लागलं. सील न बदलता नुसते प्लग आणि वायरी बदलत राहिलो असतो तर ऑइलने नव्या कॅपही खाल्ल्या असत्या.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण यावरून बरेच प्लग उगाच फेकले जातात. प्लगच्या पांढऱ्या भागावर, षटकोनाच्या अगदी वर, गोल तपकिरी डाग दिसतो. तो बघून ‘कॉम्प्रेशन लीक आहे, हेड खोलावं लागेल’ असं सांगणारे आहेत. बहुतेक वेळा तो डाग म्हणजे उच्च व्होल्टेजमुळे हवेतली धूळ आणि तेलाचे कण चिकटून झालेलं वर्तुळ असतं. त्याने काही बिघडत नाही. उभी काळी रेघ वाईट. आडव्या तपकिरी वर्तुळाकडे दुर्लक्ष करा.

तर तुमच्या गाडीत पहिलं काम हेच. इंजिन गार असताना कॅप सरळ वर ओढून काढा, वायर धरून नव्हे, कॅप धरून. प्रत्येक वायरवर कापडी पट्टी बांधून नंबर लिहा, नाहीतर लावताना घोळ होतो. कॅपमध्ये रेघ, चीर, ऑइल, हिरवट गंज काय दिसतं ते बघा. मग मल्टिमीटर किलो-ओमवर लावून चारही वायरींचा रेझिस्टन्स मोजा. लांब वायरीचा जास्त आणि आखूडचा कमी येणारच, त्यामुळे एकाच आकड्याचा हट्ट नको. लांबीच्या मानाने एखादीच फार पुढे गेली असेल, किंवा वायर हलवल्यावर आकडा पळत असेल, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर ती वायर मेली. मात्र आकडा बरोबर आला म्हणून वायर चांगली असं समजू नका. मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, रस्त्यावर तिच्यातून वीस हजार जातात. कव्हरमधली गळती मीटरला दिसत नाही.

गळती दिसते अंधारात. रात्री अंगणातले दिवे बंद करून इंजिन चालू करायचं, फवारणीच्या बाटलीने वायरी आणि कॅपवर पाण्याचं नुसतं धुकं मारायचं आणि दोन हात लांब उभं राहून बघायचं. निळसर ठिणग्या चटचट वाजत हेडकडे उडताना दिसल्या किंवा आयडल लगेच लंगडं झालं, की झालं निदान. हात खिशात ठेवा, गळ्यातला रुमाल-पंचा काढून ठेवा, पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊ नका. हा करंट थट्टेचा नाही, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी बॉनेटजवळही यायचं नाही.

मिस्त्री एक जुनी युक्ती करतात: चालू इंजिनवर एकेक एचटी वायर उपटायची आणि कुठल्या सिलिंडरने फरक पडत नाही ते बघायचं. कार्बोरेटरच्या गाडीत ती खपून गेली. एमपीएफआयमध्ये ते करू देऊ नका. ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइल आतून फुटू शकते, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. तेच काम इंजेक्टरचा कनेक्टर काढून होतं. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करत नव्हता.

कॉइलचं बघायचं तर तुमचं ‘सकाळी नीट, गरम झाल्यावर त्रास’ हे लक्षण तिलाही लागू पडतं. कॉइलच्या आतल्या तारेचं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं आणि गार झाल्यावर सुधारतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं, बॉनेटखाली काय होत असेल ते बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाडीच्या दोन कॉइल शेजारीशेजारी दिसतात. दोन्ही सारख्याच असतील तर अदलाबदल करून बघा. झटका पहिल्या जोडीच्या सिलिंडरवरून दुसऱ्या जोडीवर गेला तर कॉइल सापडली. फुकटची तपासणी आहे.

आता रस्त्यावरची परीक्षा. बीडला येताना पाडळशिंगीचा टोलनाका लागतो, तिथून निघून रस्ता मोकळा झाला की मागे कुणी नाही हे बघून तिसऱ्या गिअरला ३०-३५ वर पाय पूर्ण दाबा. झटका लगेच आला, तुटक, ठक्कन, आणि आरपीएमचा काटाही थरथरला, तर ठिणगीचं प्रकरण. मग तीच गाडी दुसऱ्या गिअरला त्याच स्पीडने जास्त आरपीएमवर हलक्या पायाने चालवा. झटका गायब झाला तर खात्री आणखी वाढली. उलट, चौथ्या गिअरला ८० च्या पुढे पाय दाबून ठेवला की सुरुवातीला गाडी ओढते आणि काही सेकंदांत दमते, मऊ पडते, पाय सोडून पुन्हा दाबला की परत थोडी ओढते, तर पेट्रोल कमी पडतंय. मांजरसुंब्याच्या घाटात हे फार चांगलं कळतं. आणि तिसरा प्रकार: ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागे रांगत जाताना, हलक्या पायाला, एका ठरावीक पेडलच्या जागेवरच गाडी डचमळते आणि जोरात दाबली की साफ पळते. तो ठिणगीचाही नाही आणि पंपाचाही नाही, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा आहे. त्याच्याकडे येतोच.

पेट्रोलच्या बाजूला माझा आग्रह एवढाच आहे की प्रेशर गेज लावल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांचं प्रेशर अडीच ते साडेतीन बारच्या आसपास असतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. गेज लांब पाइपला लावून ड्रायव्हरला दिसेल असं पक्कं बांधायचं आणि ज्या रस्त्यावर झटके येतात तिथेच गाडी न्यायची. उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर दिसणं म्हणजे काहीच नाही. झटक्याच्या क्षणी काटा जागेवर राहिला तर पंप, जाळी, फिल्टर सगळे निर्दोष. काटा पडला तर आधी पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. जुन्या गाड्यांत रिलेचे पॉइंट जळालेले आणि मागच्या सीटखालचा कनेक्टर काळा पडलेला असतो. पंपाला बारा-साडेबाराच्या जागी दहा व्होल्ट मिळतात आणि दोष पंपाच्या माथी येतो. व्होल्टेज बरोबर आणि प्रेशर कमी, तेव्हा फिल्टर आणि टाकीतली जाळी. ते करूनही कमी, तेव्हा पंप.

पंप लवकर का जातो हे लोकांना माहीत नसतं. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच गार राहतो. ‘दोनशेचं टाका’ म्हणत गाडी कायम रिझर्व्हवर चालवली की पंप तापतो आणि तळाचा गाळ ओढतो. चतुर्थांश टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही ही सवय पंपाच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे.

ई-२० चं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि २००७ ची गाडी ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाही. म्हणून गाडी झटके मारते का? नुसत्या त्यानेच मारते असं मी म्हणणार नाही. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा पट. इंजेक्टर तेवढंच पेट्रोल सोडत राहिला तर मिश्रण पातळ पडतं. हलक्या पायाने चालताना धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीएम ते सांभाळून घेतो. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र तो सेन्सरचं ऐकायचं थांबवून आपल्या ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. आणि पातळ मिश्रणाला ठिणगीही जास्त व्होल्टेजची लागते. म्हणजे ज्या वायरी आधीच थकल्या होत्या, त्यांचं पितळ ई-२० ने उघडं पाडलं. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गोंदासारखा थर सुटा करतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, जुने रबरी पाइप मऊ पडतात. फिल्टर वेळेआधी बदला, पाइप हाताने दाबून बघत जा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. शंका असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवा, घराबाहेर, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवायलाच लागेल. कसलीही बाटली ओतून ते पाणी जात नाही.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणजे आत एक कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारी टाचणी. रोज ज्या जागेवर पाय असतो तिथेच ती पट्टी झिजते. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज बघत पेडल अगदी सावकाश दाबायचं. साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत काटा अखंड चढायला हवा. मध्येच तो खाली टुणकन पडला तर सेन्सर गेला. यासाठी जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा चांगला, डिजिटलचे आकडे तेवढ्या वेगाने बदलत नाहीत. ॲक्सिलरेटरची केबलही याच वेळी बघून घ्या; आत धूळ जाऊन ती अडकत सुटत असेल तर पायच झटके देत असतो.

आता आपल्या भागाची एक खास गोष्ट, तिच्यावर मी जरा चिडूनच लिहितोय. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘व्हॉल्व्ह’ म्हणतो तो, काढून फेकतात. गिऱ्हाईक खूश, काटा खाली. पण गाडी तापण्याचं खरं कारण बोअरच्या खारट पाण्याने चोंदलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा असतं, ते तसंच राहतं. आणि व्हॉल्व्ह नसल्यामुळे हायवेवर, विशेषतः थंडीत, इंजिन ८५-९० अंशांपर्यंत पोचतच नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. प्लग काळे, मऊ काजळीने भरलेले, ॲव्हरेज पडलेलं आणि पिकअप मंद. काजळीतून ठिणगी गळते आणि परत झटके. तुमचे निघालेले जुने प्लग अजून असतील तर त्यांचं टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. चारही काळे कोरडे असतील तर व्हॉल्व्ह आहे की नाही विचारा आणि नसेल तर बसवून घ्या. रेडिएटरमध्ये कूलंट घाला, बोअरचं पाणी नको. त्या क्षाराचा थर टेंपरेचर सेन्सरच्या टोकावरही बसतो आणि तोही मग ईसीएमला खोटं सांगू लागतो.

चारपैकी एकच प्लग काळा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्या सिलिंडरची ठिणगी किंवा इंजेक्टर बघायचा. एकच प्लग ओला तेलकट असेल तर पिस्टनची रिंग किंवा इंजिनच्या हेडमधल्या व्हॉल्व्हचं सील, आणि मग कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

अर्थिंगवर कुणी वेळ घालवत नाही, आणि जुन्या गाडीत ते हमखास सडलेलं असतं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल इंजिनच्या उघड्या लोखंडावर. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं चालू. मीटर ०.१-०.२ व्होल्टपर्यंत दाखवत असेल तर चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट आवळा. एसी लावल्यावर तुमचा त्रास वाढतो याचं एक कारण एसीचं वजन आहे, दुसरं हेही असू शकतं. सोबत वायरिंगवर उंदराचे दात उमटलेत का तेही बघा. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी राहणारी गाडी उंदरांना फार आवडते. इंजेक्टरच्या हार्नेसची एक वायर अर्धी कुरतडलेली असली तरी ती हालेल तशी गाडी झटके देते, आणि स्कॅनरमध्ये काही येत नाही.

इंजिनचे माउंटिंग, क्लच आणि शाफ्ट यांचे झटके ओळखायला सोपे आहेत. फक्त जागेवरून उचलताना गाडी थरथरली तर क्लच. पाय दाबताना आणि सोडतानाही ‘धप्’ असा आवाज आला तर माउंटिंग; हँडब्रेक ओढून, समोर कुणी उभं नाही हे बघून, एकाने आधी पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरला किंचित हाफ क्लच द्यायचा आणि दुसऱ्याने बाजूने बघायचं, इंजिन वीतभर उसळलं तर रबर तुटलंय. शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा झटका नसतोच, थरथर असते, आणि ती वेगाबरोबर वाढते.

ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी वरचं ईसीएमचं सोडून द्यावं. तिथे पाय दाबताच एक ठोका खाऊन मग गाडी उठत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटलाय. गळ्यात बघत थ्रॉटल हलवला की पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी, अर्थात इंजिन बंद असताना. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर तोही पडदा गेला.

ईसीएमकडे येऊ. तो जात नाही असं नाही, पाणी शिरलं किंवा वेल्डिंग करताना बॅटरी काढली नाही तर जातोही. पण त्याला दोष द्यायचा तो त्याच्यापर्यंत येणारा करंट, अर्थ आणि सेन्सरचे सिग्नल मोजून झाल्यावर. त्यात ज्या गाडीच्या चावीत इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी चिप, आहे तिला दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावला तर प्रोग्रॅमिंग केल्याशिवाय ती सुरूच होणार नाही, आणि पार्ट नंबर जुळला नाही तर सुरू होऊनही नीट चालणार नाही. भंगारवाला परत घेत नाही.

आणि चेक लाइट लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आधी चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, तो लाइट क्षणभर लागतो का बघा. जुनी गाडी विकताना तो बल्बच काढून टाकणारे महाभाग आहेत. लाइट लागत असला तरी तुमच्या सालच्या गाडीत मिसिंग, म्हणजे वाया गेलेला स्ट्रोक, पकडायची सोय असेलच असं नाही. ती सक्तीने आली ओबीडी-२ सोबत, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायच्या पद्धतीसोबत, आपल्याकडे २०१३ पासून. त्यामुळे मोबाइलला जोडायचं ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र तुमच्या गाडीशी बोलेल याचीही खात्री नाही. मिस्त्रींकडे त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर असेल तर चालत्या गाडीत टेंपरेचर, थ्रॉटल आणि मॅप सेन्सरचे (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडे बघायला सांगा. मॅप सेन्सरची रबरी नळी चिरलेली असेल तर तिथेच कळतं.

पैशाचं म्हणाल तर एचटी वायरचा चांगला सेट, प्लग आणि प्लगच्या नळीची सीलं मिळून जेवढे होतील त्यापेक्षा पंप किंवा ईसीएम किती तरी महाग. प्लग घेताना खोका सीलबंद आणि दुकानदार बिल देणारा बघा, बाजारात नकली माल भरपूर आहे. फट फीलर गेजने मोजून घ्या; या इंजिनांना बहुतेक १.० ते १.१ मिलिमीटर लागते, मॅन्युअलचा आकडा अंतिम. प्लग आधी हाताने फिरवून बसवायचा आणि शेवटीच पाना लावायचा. दणकून आवळला तर चिनी मातीला न दिसणारा तडा जातो आणि नवाकोरा प्लग पहिल्या दिवसापासून मिसिंग मारतो.

सगळं बसवून झालं की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल थोडा वेळ काढून परत लावा, म्हणजे ईसीएमने बिघडलेल्या ठिणगीशी जुळवून घेतलेले जुने हिशेब बऱ्याच गाड्यांत पुसले जातात. त्यानंतर सुरुवातीला आयडल वर-खाली होईल, घाबरू नका. मग तीच चार माणसं, तोच एसी, तोच टोलनाका. तरीही झटका आला तर प्रेशर गेज बांधून त्याच जागी काटा किती पडला ते लिहून ठेवा. पंप खोलायचा की नाही हे त्या आकड्यावर ठरवा.